नाशिकात ५ हजारांच्या आत भाड्याचं घर – मदत हवी आहे

वाटसरू१५: वन आरके हवाय, भाडं ५ हजारांपर्यंत. महिनाअखेर सध्याची खोली रिकामी करायची आहे. एजंट नको. फेसबुकवरचे सगळे ग्रुप पाहून झाले. लवकर सांगा.

सातपूरकर: नाशकात कुठे? पाथर्डी फाट्यापासून आडगावपर्यंत सगळं नाशिकच. काम कुठे, माणसं किती, गाडी आहे का?

रामशेज: म्हसरूळ-मखमलाबादला या. हवा एक नंबर. आमचं आयुष्य इथेच गेलं.

सातपूरकर: अहो, त्यांना आधी बोलू तर द्या!

वाटसरू१५: अंबड एमआयडीसीत आहे, कुठे असणार? सेकंड शिफ्ट. गाडी नाही. सिटीलिंकने जाईन, पण रात्री सुटल्यावर बस नसते.

रामशेज: मग म्हसरूळ नको, लांब पडेल.

त्रिमूर्तीचौक: सिडको बघा. उत्तमनगर, पवननगर, शुभम पार्क. सिडकोने बांधलेल्या सहाही गृहयोजनांत लोकांनी मूळ घरांवर मजले चढवलेत, वरची खोली भाड्याने देतात. बोर्ड कुणी लावत नाही. किराणा दुकानदाराला आणि पिठाच्या गिरणीवाल्याला विचारा, रविवारी सकाळी. जिना मात्र बघून घ्या, बहुतेक ठिकाणी बाहेरून लोखंडी गोल जिना असतो.

वाटसरू१५: जिना चालणार नाही. आईचे गुडघे दुखतात. तळमजलाच पाहिजे.

सातपूरकर: आई पण आहे! हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचं ना, भाऊ.

चावीवाला: 'एजंट नको' म्हणणारे शेवटी एजंटकडेच येतात. एक महिन्याचं भाडं द्या, चार घरं एका संध्याकाळी दाखवतो.

त्रिमूर्तीचौक: ५ हजारांत संसार चालवणाऱ्याकडून ५ हजार दलाली? वर डिपॉझिट वेगळंच.

चावीवाला: पेट्रोल फुकट येतं का?

स्वप्नघर: भाडं भरण्यापेक्षा म्हाडाच्या लॉटरीत अर्ज करा.

वाटसरू१५: महिनाअखेर लॉटरी लागणार का?

गरजू_भाडेकरू: घरकुल योजनेच्या इमारतींत स्वस्त मिळतं. माझा मित्र राहतो.

कागदपत्रे: त्यात पडू नका. ती घरं झोपडपट्टीतल्या लाभार्थ्यांना राहण्यासाठी दिलेली असतात, भाड्याने देता येत नाहीत. म्हणून करार कोणी करत नाही, सगळं तोंडी. तपासणी आली की भाडेकरू आधी बाहेर, आणि डिपॉझिट मागायला कागदच नाही. कुठेही घर घ्या, लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे भाड्याचा करार, नोंदवून घ्या. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. ऑनलाइन होते, मुद्रांक शुल्क करारातल्या सगळ्या महिन्यांच्या मिळून भाड्यावर ०.२५ टक्के, तुमचं दीडशे-दोनशेच्या आसपास. नोंदणी फी मनपा हद्दीत हजार. लाइटबिलाचंही लिहून घ्या. सबमीटर असेल तर युनिटचा दर किती, हे आधी ठरवा. बरेच मालक महावितरणच्या दरापेक्षा जास्त लावतात. आणि पहिल्या दिवशी रीडिंगचा फोटो काढून ठेवा.

चावीवाला: नोंदणीचं नाव काढलं की अर्धे मालक घर देत नाहीत. पुस्तकी सल्ले.

कागदपत्रे: त्या अर्ध्यांकडे जाऊच नये.

रामशेज: सिंहस्थ आलाय, २०२७ मध्ये मुख्य स्नानं. पंचवटीतली खोली तर आता मिळणारच नाही. मागच्या कुंभात आमच्या गल्लीत...

त्रिमूर्तीचौक: कुंभ नंतर. अंबडला सेकंड शिफ्टवाल्याने पंचवटीत कशाला जायचं? वाटसरू, चुंचाळे, दत्तनगर, अंबड गावठाण या पट्ट्यात जुन्या बैठ्या चाळी आहेत. तळमजला तिथेच मिळेल. संडास कॉमन असेल, हे मनात धरा. पाणी किती वाजता येतं ते मालकाला नाही, शेजारणीला विचारा.

वाटसरू१५: कॉमन चालेल, फक्त वेस्टर्न हवं. आईला बसता येत नाही.

त्रिमूर्तीचौक: कमोड खुर्ची घ्या, मेडिकल दुकानात मिळते. इंडियनवर ठेवता येते. त्यापायी घर सोडू नका.

वाटसरू१५: हे सुचलंच नव्हतं. रविवारी दत्तनगरला जातो. कंपनीतल्या कँटीनवाल्यालाही विचारतो, तो तिकडचाच आहे.

नवा_सभासद: मलाही हवंय, नाशिकरोडला. तिथलं सांगा.

सातपूरकर: नाशिकरोडला कुठे? माणसं किती?