‘सिन्स’ की ‘फॉर’?
‘दहा वर्षांपासून’ला इंग्रजीत आपण ‘सिन्स टेन इयर्स’ म्हणतो, ते का चुकतं? दोष आपल्या ‘पासून’चा! मराठीत ‘दहा वर्षांपासून’ही चालतं नि ‘2015पासून’ही. इंग्रजीत सुरुवातीचा क्षण सांगायचा तर ‘सिन्स’, मोजलेला काळ असेल तर ‘फॉर’. आमच्या मालवणातल्या खानावळीच्या पाटीवर मीच रंगवलं होतं, ‘फिश थाळी सिन्स ट्वेल्व्ह इयर्स’. एका गिऱ्हाइकाने सोलकढी पिता पिता हळूच चूक दाखवली. मग ‘ट्वेल्व्ह इयर्स’ खोडून 2009 घातलं. ‘सिन्स’ तसाच राहिला, तेवढाच रंग वाचला. बोलताना मात्र क्रियापदही बदलतं हं. ‘राहतोय’ म्हणून ‘आय अ‍ॅम लिव्हिंग’ तोंडात येतं, तिथे हवं ‘आय हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर टेन इयर्स’.