डार्क साईड ऑफ द मून: कुठली आवृत्ती घेऊ? (काकांची एलपी पुरात गेलीय)

कुंभारगल्लीकर
मंडळी नमस्कार, पहिल्यांदाच धागा काढायलोय, चुकलं माकलं सांभाळून घ्या.

पिंक फ्लॉइड ह्या इंग्लिश रॉक बँडचा १९७३ चा अल्बम, डार्क साईड ऑफ द मून. थोरल्या काकांकडं कलकत्त्याच्या दमदमला छापलेली एलपी (मोठी तबकडी) होती, कॉलेजात असताना मुंबईस्नं आणलेली. आमच्यात दिवाळीत पहाटे नाट्यगीतं आणि दुपारी जेवणं उरकली की हीच लागायची, ती घड्याळं वाजायला लागली की आजी म्हणायची ह्याला कुणीतरी किल्ली द्यायचं बंद करा रे. २०१९ च्या पुरात आमच्या खालच्या खोलीत छातीएवढं पाणी, कपाटातल्या सगळ्या एलपी गेल्या, कव्हरांचा नुसता लगदा. काकांनी फेकल्या नाहीत, पोत्यात घालून माळ्यावर ठेवल्यात, पण बोलत पण नाहीत आणि कुणाला हात पण लावू देत नाहीत.

पुढच्या महिन्यात त्यांना सत्तर पूर्ण होतायत. नवी घेऊन द्यावी म्हणून बघायलो तर डोकं फिरायची वेळ आली. २००३ ची ३० वर्षांवाली जुन्यात मिळतीय, २०१६ ची आहे, २०२३ ची ५० वर्षांवाली आहे, एक पारदर्शक पण दिसली. सगळीकडं रिमास्टर रिमास्टर लिहिलंय. फरक काय असतोय नेमका? का नुसतं कव्हर बदलून पैसे काढायचं काम?

प्लेअर म्हणून तो पेटीसारखा बंद होणारा सूटकेसवाला घेऊन ठेवलाय.

आणि एक साईडचा प्रश्न, माझ्याकडं नव्वदच्या दशकातली सीडी आहे, तिच्यात शेवटी हृदयाचे ठोके विरत जातात तिथं हेडफोन लावला की लांब कुठंतरी बँड वाजल्यासारखं ऐकू येतंय. माझ्याच कानात वाजतंय का ते?

बावड्याचा_बेसिस्ट
भावा मोबाईलवर लाव की. फुकटात काम. काकांना तांबडा पांढरा खायला घाल उरलेल्या पैशात 😄

पांढरपट्टी_४
वरच्याकडं लक्ष देऊ नको, त्याला बास सोडून काय ऐकूच येत नाही.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की कर, मग बाकीचं सोपं आहे. मिक्स वेगळा आणि मास्टरिंग वेगळं. मिक्स म्हणजे वेगवेगळी रेकॉर्ड केलेली वाद्यं आणि आवाज एकत्र जमवणं. १९७३ ला लंडनच्या अॅबी रोड स्टुडिओत अॅलन पार्सन्स इंजिनिअर होता, ख्रिस थॉमसच्या देखरेखीखाली जो स्टिरिओ मिक्स झाला तोच मिक्स आजपर्यंत प्रत्येक साध्या एलपीवर आणि सीडीवर आहे, तू जी नावं घेतलीस त्या सगळ्यांवर. मिसळीसारखं समज. कट एकच शिजलाय, वाढणारा प्रत्येक वेळी वेगळा, कुणी वरची तर्री जास्त घेतोय कुणी तळातनं ढवळून घालतोय. ते वाढणं म्हणजे मास्टरिंग. कटच नवा शिजवला असं फक्त ५.१ आणि अॅटमॉसला (दोनापेक्षा जास्त स्पीकरसाठीचे प्रकार) झालंय, ते दोन्ही इंजिनिअर जेम्स गथ्रीचे. आणि पार्सन्सनं त्याच काळात चार स्पीकरसाठी केलेला क्वाड मिक्स, तो तिसरा. तुझ्याकडं दोन स्पीकर असतील तर ह्या तिन्हींचा विचार सोडून दे.

आता तुझ्या यादीबद्दल. २००३ ची १८० ग्रॅमवाली, जिच्या छपाईची मूळ चकती केविन ग्रेनं कापलेली (म्हणजे खाचा कोरलेली), माझ्याकडं आहे, मी विकणार नाही. खालचा आवाज गच्च, आणि दोन गाण्यांच्या मधली शांतता खरंच शांत. पण आता जुन्यात जी किंमत सांगतात ती बघून माझंच डोकं दुखतंय, त्यात परदेशातनं मागवलीस तर कस्टमचं वेगळंच, आणि पोस्टर गायब असायची शक्यता जास्त. २०१६ ची गथ्री, जोएल प्लांट आणि बर्नी ग्रंडमन ह्या इंजिनिअरांनी मूळ अॅनालॉग टेपवरनं मास्टरिंग केलेली. ग्रेच्या मानानं वरच्या बाजूला जरा जास्त चमक, झांजा पुढं येतात, मला सुरुवातीला खटकलं होतं पण पंधरा दिवसांत सवय झाली. पोस्टर स्टिकर सगळं आत. नवी मिळते, सीलबंद मिळते. भेट द्यायची असेल तर माझं मत डोळे झाकून २०१६.

५० वर्षांवाली पण गथ्रीचीच. २०१६ वाली घरात असलेल्यानं परत ती घ्यावी असं मला काय वाटत नाही. आणि पारदर्शक म्हणतोयस ती २०२४ ची, दोन चकत्या आहेत आणि प्रत्येकीची एकच बाजू वाजते, दुसऱ्या बाजूवर नुसतं चित्र छापलंय. भिंतीवर लावायला झकास. पण ४३ मिनिटांच्या अल्बमसाठी उठून चकती पालटायच्या ऐवजी चकतीच बदलायची, हे कुणाच्या डोक्यातनं निघालं देव जाणे.

सीडीवाला_संभा
सगळे एलपीच्या मागं लागलेत म्हणून एक उलटं मत. ह्या अल्बमची सुरुवात आणि शेवट दोन्ही जवळजवळ शांततेत आहेत, नुसते ठोके. एलपीवर तिथं चरचर ऐकू येणारच, चांगल्यातली चांगली घे. सीडीवर तो ठोका अंधारातनं येतो. माझ्या मते आजपर्यंतची सगळ्यात सरळ सीडी म्हणजे जपानची पहिली, १९८३ ची, लोक तिला ब्लॅक ट्रँगल म्हणतात, कारण चकतीवरचा त्रिकोण काळा आहे. कुणी काय सुधारायला गेलेलंच नाही.

२००३ ची हायब्रिड एसएसीडी मात्र बघून घ्या, ती रंगीत काचेच्या खिडकीसारखं कव्हर असलेली. एकाच चकतीवर दोन थर, एक साध्या सीडीचा आणि एक खास प्लेअरला वाजणारा जास्त दर्जाचा, एसएसीडीचा. एसएसीडीचा थर सुंदर आहे, पण साध्या प्लेअरला फक्त सीडीचाच थर वाजतो आणि तो चांगलाच दाबून मोठा केलाय. घड्याळं एकदम वाजतात तेव्हा दचकायला पाहिजे ना माणूस? तिथं दचकत नाही, कारण आधीचंच सगळं मोठं आहे. मी ती कव्हर बघून घेतली होती आणि साधा प्लेअर घरी, म्हणजे पेढ्याचा बॉक्स आणून वरचा कागद चाटल्यासारखं झालं.

तुझ्या बँडचं उत्तर: कान ठीक आहेत तुझे. नव्वदच्या दशकातल्या रिमास्टर सीडीच्या काही प्रतींवर शेवटी अगदी बारीक बीटल्सच्या तिकीट टू राईडचं वाद्यवृंदातलं रूप ऐकू येतंय. मुद्दाम घातलेलं नाही, टेपवर कुठंतरी राहून गेलेलं असावं असं म्हणतात. मूळ एलपीवर ऐकू येत नाही. टाकू नको ती सीडी, मजा आहे त्यात.

बावड्याचा_बेसिस्ट
ह्याच अल्बमचा तो गोट्यावाला बॉक्स कुणी घेतलाय का इथं? २०११ चा? सहा चकत्या, मफलर, चहाच्या कपाखाली ठेवायच्या चकत्या आणि खरोखरच्या काचेच्या गोट्या. कोल्हापुरात मफलर किती दिवस लागतो?

पांढरपट्टी_४
घेतला होता मी. गोट्या पुतण्यानं नेल्या. पण चेष्टा राहू दे, त्यात १९७४ चा लंडनच्या वेम्ब्लीचा अख्खा कार्यक्रम आहे आणि १९७२ चा कच्चा मिक्स आहे, तो ऐकताना कळतं की हा अल्बम किती ठिकाणी अजून व्हायचा होता. अभ्यासाला एक नंबर. काकांना नको.

अजून एक, ज्याला असल्या गोष्टींत रस आहे त्यानं नवीन प्रतीवर ह्यातल्या ग्रेट गिग इन द स्काय ह्या गाण्याखाली नाव वाचा. क्लेअर टोरीनं त्यात शब्दाविना जे गायलंय त्याचे तिला तेव्हा ३० पौंड मिळालेले. २००४ ला ती कोर्टात गेली, २००५ ला मिटलं, आणि तेव्हापासून बँडच्या कीबोर्डवाल्या रिचर्ड राईटच्या बरोबरीनं तिचं नाव लागतंय. जुन्या प्रतींवर गाणं एकट्या राईटचं. मला तरी रिमास्टरपेक्षा हा बदल मोठा वाटतो.

निवृत्त_तबकडी
कुंभारगल्लीकर, बाळा, मी तुझ्या काकांच्याच वयाचा. कुणीच मुद्द्याचं बोलेना म्हणून लिहितोय.

एक, ती सूटकेस परत कर. तसल्या यंत्राची सुई चार-पाच ग्रॅम वजनानं चकतीवर बसते, बऱ्या कार्ट्रिजला (सुई बसवलेला भाग) दोनच्या आसपास पुरतं. आणि ह्या अल्बमची गंमत अशी की पहिली बाजू संपते त्या क्लेअर टोरी बाईंच्या टिपेच्या आवाजावर आणि दुसरी संपते सगळे मिळून ओरडतात तिथं. दोन्ही जागा चकतीच्या आतल्या टोकाला, जिथं खाच सगळ्यात आखूड पडते आणि सुईची खरी परीक्षा होते. सुई नीट बसवलेली नसली तर तिथं आवाज फाटणार. मग तू २००३ आण नाहीतर २०२३, फाटकंच ऐकशील आणि इथं येऊन विचारशील की प्रेसिंग (चकतीची छपाई) खराब आहे का. निम्म्या लोकांची भांडणं ह्याच्यावरच असतात.

दोन, ती पोत्यातली काढ. कव्हर गेलं म्हणजे चकती गेली असं कुणी सांगितलं? व्हिनाईलला पाण्यानं काही होत नाही. त्रास आहे तो खाचेतल्या गाळाचा. वाळलेल्या गाळावर सुई ठेवलीस तर सुई पण गेली आणि चकती पण, म्हणून आधी वाजवून बघायची घाई करू नको. मेडिकलमधनं डिस्टिल्ड वॉटर आण, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब, मऊ ब्रश, आणि खाचेच्या दिशेनं गोल गोल, आडवं घासायचं नाही. मधलं लेबल कोरडं ठेव. परत नुसत्या पाण्यानं धू आणि उभी करून सावलीत वाळव. पंचगंगेचा गाळ एका धुण्यात निघत नाही, मी माझ्या मल्लिकार्जुन मन्सूरांच्या तीन तबकड्या चार-चारदा धुतल्यात. वाकली असेल तर इस्त्री बिस्त्री नको, दोन जाड काचांच्या मधे सपाट ठेव, वर वजन, थोडे दिवस विसरून जा.

आणि आतल्या मोकळ्या पट्टीत कोरलेला नंबर असतो तो वाचून सांग. यूकेच्या अगदी पहिल्या प्रतींवर ए-२ आणि बी-२ असतं. तुझ्या दमदमच्या चकतीवर काय आहे ते बघायची मला उत्सुकता.

कुंभारगल्लीकर
आज उशिरा लिहायलोय, माफी असावी. काका डॉक्टरकडं गेले तेव्हा पोतं खाली काढलं. निवृत्त काकांनी सांगितलं तसं केलं, पाच वेळा धुतली, पहिल्या तीन वेळचं पाणी चहासारखं. लेबल अर्धं निघालंय, नंबर पण नीट वाचता येत नाही, दुसऱ्या बाजूला बी आणि पुढं काहीतरी खरडल्यासारखं आहे, फोटो काढून टाकतो.

मित्राकडं बरा प्लेअर आहे राजारामपुरीत, तिथं नेऊन लावली. पहिली बाजू वाजली! चरचर आहे, घड्याळांच्या आधी दोनदा टक टक, पण बाईंचा आवाज फाटला नाही. दुसरी बाजू मनी गाण्याच्या सुरुवातीलाच अडकली, ती नाणी परत परत परत. मित्र म्हणाला तुझी एलपी फक्त पैसे मोजायला राहिलीय.

घरी आलो तर काका अंगणात. पिशवीतनं चकती डोकावत होती, लपवायला गेलो पण त्यांनी बघितलीच. हातात घेतली, उजेडात तिरकी धरली, बराच वेळ बघत बसले. म्हटलं आता ओरडतात. तर म्हणाले कव्हर कुठनं आणणार आहेस हिला?

म्हणून आता २०१६ ची मागवली. कव्हर, पोस्टर आणि चालणारी दुसरी बाजू. जुनी त्याच कव्हरात बरोबर ठेवायची म्हणतात. आणि सूटकेस परत द्यायला निघालोय, तो दुकानदार घेईना झालाय, कुणाला पाहिजे असेल तर सांगा.

बावड्याचा_बेसिस्ट
कितीला देतोस?