जर्मनी: ब्लू कार्डवरून पीआर, आधी अर्ज टाकू की आधी नोकरी बदलू?

साताऱ्याचा_इंजिनिअर

नमस्कार मंडळी, जरा घाईत आहे, कोणी यातून गेलं असेल तर नक्की सांगा. मी पुण्याहून आलो, चाकणला गाड्यांच्या टेस्टिंगचं काम करायचो, तेच आता स्टुटगार्टजवळ करतोय. आल्यापासून ब्लू कार्डच (उच्चशिक्षितांचा ईयूचा नोकरी-परवाना) आहे. जर्मन भाषेची बी१ परीक्षा पास झालोय, त्यामुळे पीआरच्या (कायम राहण्याच्या परवान्याच्या) २१ महिन्यांच्या नियमात बसतो आणि ते २१ महिने आता पूर्ण होत आलेत.

आणि नेमकी आत्ताच म्युनिकच्या एका कंपनीची ऑफर आलीये. पगार चांगला वाढतोय, काम पण आवडीचं आहे, पण सहा महिने प्रोबेशन. इकडे आमच्या कंपनीत माणसं कमी करणार अशी चर्चा चालू आहे, त्यामुळे थांबायची पण भीती वाटते. एक जण म्हणतो नोकरी बदलली की महिने परत शून्यापासून मोजतात, दुसरा म्हणतो ३३ महिने लागतात, डोकं चालेनासं झालंय.

बायको माझ्या व्हिसावर आलीये आणि पार्टटाइम काम करते, तिचं काय होतं ते पण सांगा. आणि बाबांची बायपास झालीये, आई एकटीच सगळं बघते, पुढे मागे साताऱ्याला जाऊन काही महिने राहावं लागलं तर पीआर जाते का?

इसारकाठची

दादा, आधी बाबांची काळजी घ्या, बाकी सगळं सुटण्यासारखं आहे.

महिने शून्य होत नाहीत, ही अफवा दर दोन आठवड्यांनी कोणीतरी पसरवतं. ब्लू कार्डवर त्या दर्जाचं काम केलेले आणि पेन्शनचे पैसे भरलेले महिने मोजतात, कंपनी एक का तीन याने फरक पडत नाही. फक्त मध्ये गॅप पडला, म्हणजे जुनी नोकरी ३१ ला संपली आणि नवी पुढच्या महिन्याच्या १५ ला सुरू झाली, तर त्या मधल्या दिवसांसाठी भांडत बसावं लागतं, म्हणून गॅप ठेवू नका. ३३ महिने हा जुना नियम, नोव्हेंबर २०२३ पासून ए१ (जर्मनची सुरुवातीची पातळी) असेल तर २७ आणि बी१ असेल तर २१. आणि ब्लू कार्डवर पहिले १२ महिने झाले की नोकरी बदलताना परदेशी लोकांचे परवाने बघणाऱ्या ऑफिसचा अडथळा येत नाही, तुमचे ते कधीच झालेत.

खरी अडचण वेगळीच आहे. अर्जासोबत कंपनीचं ताजं पत्र मागतात, त्यात लिहिलेलं असतं की हा माणूस कायम नोकरीवर आहे आणि दोन्ही बाजूंनी नोटीस दिलेली नाही. तुम्ही राजीनामा टाकलात की ते पत्र मिळत नाही. नवी कंपनी पत्र देईल पण त्यात प्रोबेशन लिहिलेलं असेल. कायद्यात प्रोबेशनबद्दल एक शब्द नाही, पण घरखर्च पुढेही भागेल अशी खात्री ऑफिसरला पटावी लागते आणि बरेच ऑफिसर तिथेच अडतात, प्रोबेशन संपल्यावर पगाराच्या स्लिपा घेऊन या म्हणतात. म्हणजे महिने वाया जात नाहीत, फाइल मात्र अर्धं वर्ष पडून राहते.

आणि म्युनिकला राहायला गेलात की तुमचं ऑफिस बदलतं. फाइल जुन्या शहरातून नव्या शहरात जाते आणि तिथल्या रांगेत परत शेवटी उभी राहते. लोक याचा विचारच करत नाहीत!

हॅम्बुर्गी_पाहुणा

एवढं कशाला, आत्ताच्या पत्रावर अर्ज टाका, नोकरी बदला आणि गप्प बसा. कार्ड हातात आलं की कोण विचारतंय.

इसारकाठची

@हॅम्बुर्गी_पाहुणा असले सल्ले कृपया देऊ नका. अर्ज चालू असताना परिस्थिती बदलली तर कळवणं ही अर्जदाराची जबाबदारी आहे आणि माहिती लपवून घेतलेली पीआर नंतर काढून घेता येते. पुढे नागरिकत्वाला गेलात की सगळी फाइल परत उघडतात, नोकरीच्या तारखा पेन्शनच्या नोंदीत असतातच. बायकोपोराचं भविष्य त्या कार्डावर आहे, तिथे खोटं नको.

नेकारचा_नाना

ताई बरोबर बोलतायत. मी यात माझं मत घालतो.

तू दोन्ही गोष्टी एकदम करायच्या मागे लागू नको. जर्मन कंपन्यांना नव्या माणसासाठी तीन महिने थांबायची सवय असते, कारण इथे बऱ्याच करारांत नोटीसच तीन महिन्यांची असते. म्युनिकवाल्यांशी स्पष्ट बोल, की माझा पीआरचा अर्ज जाणार आहे, जॉइनिंग शक्य तितकी पुढची द्या. एचआरवाल्यांना हा विषय माहीत असतो, कोणी वाईट वाटून घेत नाही. महिने भरले की त्या आठवड्यात अर्ज टाक, आत्ताचं पत्र खरं असताना. अर्ज चालू असताना नवा करार सही झाला तर तोही पाठवून दे.

पीआरचं कार्ड आधी का म्हणतोय ते सांगतो. नव्या कंपनीत पहिले सहा महिने त्यांना दोन आठवड्यांच्या नोटिशीवर काढता येतं, कारणही द्यावं लागत नाही. तेव्हा ब्लू कार्डवर असलास तर नोकरीबरोबर इथे राहण्याचा प्रश्न पण उभा राहतो, पीआर असेल तर फक्त नोकरीचा प्रश्न राहतो, तो आपण सोडवू शकतो. आता जुन्या कंपनीत कपात झालीच तर वय, नोकरीची वर्षं, घरात अवलंबून किती हे बघून माणसं निवडतात, तू नवीन आहेस म्हणजे तुझा नंबर आधी लागू शकतो हे खरं. म्हणून कपातीची तारीख नक्की जाहीर झाली तर मात्र माझं मत उलटं, ऑफर घे आणि पीआर सहा-आठ महिने उशिरा घे.

वहिनींचं. तुझी पीआर ब्लू कार्डच्या वाटेने आली की त्यांना पाच वर्षं थांबायला लागत नाही. तीन वर्षं राहण्याचा परवाना, आठवड्याला किमान २० तास काम, बी१, आणि 'लेबेन इन डॉइचलांड' (जर्मनीतले कायदे आणि समाज यांवरची) परीक्षा. पार्टटाइम १५ तासांचं असेल तर आत्ताच वाढवून घे. परीक्षा सोपी आहे, ३३ प्रश्न, १५ बरोबर आले की पीआरपुरतं पास, १७ आले तर नागरिकत्वालाही चालतं. ३१० प्रश्न आधीच ऑनलाइन आहेत, त्यातलेच येतात. निकालाचा कागद यायला आठवडे लागतात, तू दिली नसशील तर आजच नंबर लाव, आणि दोघं एकाच दिवशी द्या.

साताऱ्याचा_इंजिनिअर

नाना, ताई, मनापासून आभार. परीक्षा मी दिलेली नाही, उद्याच बुकिंग बघतो. बायकोचे १८ तास आहेत, तिच्या मॅनेजरशी बोलायला सांगतो. बाबांचं कोणी सांगू शकेल का? तेच सगळ्यात जास्त मनात आहे.

पेण_ते_बर्लिन

सांगतो, हे माझ्या सासऱ्यांच्या आजारपणात आम्ही नीट वाचून घेतलं होतं.

इथे एक गोष्ट उलटी वाटते. ब्लू कार्डवर असताना १२ महिन्यांपर्यंत बाहेर राहिलं तरी कार्ड टिकतं, साधी पीआर मात्र सहा महिन्यांपेक्षा जास्त देशाबाहेर राहिलास तर आपोआप संपते, कोणी पत्र पाठवत नाही. पण निघायच्या आधी ऑफिसला लिहून जास्त मुदत मागता येते, डॉक्टरांचे कागद भाषांतर करून जोडायचे आणि मंजुरी लेखी घ्यायची, फोनवरच्या हो ला अर्थ नाही. पाच वर्षं झाली की ईयूची पीआर पण मागून घे, ब्लू कार्डवाल्यांना त्यात ईयूबाहेर २४ महिने मिळतात. म्हातारे आईवडील गावी असलेल्या प्रत्येकाने ती घ्यावी असं माझं ठाम मत आहे, पण त्याबद्दल फार कमी बोललं जातं.

आणि आत्ता अर्ज चालू असताना बाबांसाठी जावं लागलं तर हातातलं कार्ड चालू आहे ना ते बघ. कार्डाची तारीख संपून फक्त तात्पुरता कागद हातात असेल तर त्यावर बाहेर जाऊन परत येता येतं की नाही ते त्यावर कुठला चौकोन टिक केलाय त्यावर ठरतं, विमानाचं तिकीट काढायच्या आधी तो चौकोन बघ. विमानतळावर वाद घालून उपयोग होत नाही.

नेकारचा_नाना

अजून एक राहिलं. पेन्शनच्या ऑफिसकडून तुझा भरणा दाखवणारा तक्ता मागव, ऑनलाइन फुकट मिळतो. घाबरू नको, त्यात चालू वर्ष दिसणार नाही, कारण कंपनी वर्षाची नोंद पुढच्या वर्षी १५ फेब्रुवारीपर्यंत पाठवते. तेवढ्या महिन्यांसाठी पगाराच्या स्लिपा जोड. आणि पासपोर्ट संपत आला असेल तर आधी तो नवा कर, म्युनिकच्या भारतीय कॉन्सुलेटमध्ये सध्या किती दिवस लागतायत ते इसारकाठची ताई सांगतील.

इसारकाठची

ओळखीतल्या एकांचा महिन्याभरात आला. फोटोचं माप भारतीय नियमाचं लागतं, ते बघून दुकानात सांगून काढून घ्या.