पिन कोड यादीत आहे का, हे तपासायला अ‍ॅरे की सेट?

धरमपेठकर
घरपोच माल देणाऱ्या अ‍ॅपमधलं नेहमीचं काम घ्या: ग्राहकाचा पिन आपल्या यादीत आहे का? जावास्क्रिप्टवाले अ‍ॅरेवर (ओळीनं ठेवलेल्या यादीवर) इन्क्लूड्स (एकेक घटक पाहून आहे की नाही सांगणारं फंक्शन) लावतात नि मोकळे होतात. एका पिनपुरतं चालतं, लूपमध्ये, म्हणजे तेच पुन्हापुन्हा करण्यात, गेलं की सगळं रखडतं. ऑर्डरी २०,००० आणि यादीत पिन ५,००० असतील, तर तुलना १० कोटींपर्यंत जातात. सेट, म्हणजे यादी न फिरता 'आहे का' सांगणारा संग्रह, एकदाच बनवा: ५,००० वेळा भरणं, २०,००० वेळा विचारणं, काम संपलं. म्हणून म्हणतो, नुसतं 'आहे का' एवढंच विचारायचं असेल तर अ‍ॅरे ठेवूच नका.

बर्डीचा कोडर
'ठेवूच नका' काहून, भाऊ? फक्त शहरात माल पोचवायचा असेल तर यादी किती लांब होणार? नागपूर शहराचे बहुतेक पिन ४४०० ने सुरू होतात. पुढे दोनच आकडे उरतात, म्हणजे शंभराच्या वर जाणं शक्यच नाही. शंभर घटकांत सरळ शोधायला कितीसा वेळ लागतो? आणि सेट बनवायलाही पूर्ण यादी एकदा फिरावीच लागते. एकदाच विचारायचं असेल तर तो खर्च वायाच.

वेगाआधी उत्तर बरोबर येतंय का ते पाहा. अजूनही लोक 'इफ' च्या कंसात नुसतं इंडेक्सऑफ (घटक कितव्या जागी आहे ते सांगणारं, मोजणी ० पासून) लिहितात. यादीतला पहिला पिन ४४०००१ असेल तर उत्तर ० येतं, आणि ० म्हणजे असत्य. पिन नसेल तर -१ येतं, ते मात्र सत्य धरलं जातं. म्हणजे जीपीओजवळचा ग्राहक नाकारला जातो आणि पुण्याचा आत येतो! इन्क्लूड्स २०१६ पासून भाषेत आहे, तेच वापरा. नॅन ('ही संख्या नाही' असं दाखवणारं) हे मूल्यही इंडेक्सऑफला कधी सापडत नाही, इन्क्लूड्सला सापडतं.

धरमपेठकर
इंडेक्सऑफबद्दल शंभर टक्के मान्य. पण आज शंभर पिन आहेत, उद्या यादी राज्यभर गेली की तोच कोड कोण शोधत बसणार? सेट पहिल्यापासूनच लावलेला बरा.

महाल बॅकएंड
दोघंही मूल्याच्या प्रकाराबद्दल (मजकूर की संख्या) बोलत नाही आहात, आणि खरी गडबड तिथंच होते. फॉर्ममधून पिन मजकूर म्हणून येतो, यादीत तो संख्या असतो. इन्क्लूड्स असो की सेटमध्ये शोधणारं हॅज, दोन्ही 'नाही' म्हणतात. आधी ट्रिम करा (मागच्यापुढच्या मोकळ्या जागा काढा), दोन्हीकडे मजकूरच ठेवा, मग शोधा.

पीएचपी या दुसऱ्या भाषेत उलटं होतं. यादीत शोधणारं तिथलं इन_अ‍ॅरे सैल तुलना करतं, प्रकार वेगळा असला तरी सारखं धरू शकतं. आठव्या आवृत्तीआधी, म्हणजे २०२० पर्यंत, यादीत ० ही संख्या असली की 'सदर' हा शब्दसुद्धा 'सापडला' म्हणायचं. ते सुधारलं, तरी '४४००१०' आणि '४४००१०.०' हे दोन मजकूर आजही सारखेच ठरतात. काटेकोर तुलनेसाठी त्याला तिसरा आर्ग्युमेंट (कंसातलं तिसरं मूल्य) ट्रू द्या, नेहमी.

एसटीडी कोडची यादी असेल तर आणखी जपा. ०७१२ अवतरणचिन्हांशिवाय लिहिलं की पीएचपी त्याला अष्टमान (आठच्या पायावरचा) आकडा धरते आणि हाती येतात ४५८.

अजनी ११
सेटवाल्यांची एक चूक फार दिसते: सेट फिल्टरच्या (ऑर्डरी एकेक करून गाळणाऱ्या फंक्शनच्या) आतच बनवतात. मग दर ऑर्डरीला ५,००० पिन नव्यानं भरले जातात, इन्क्लूड्सपेक्षाही वाईट. सेटची ओळ फिल्टरच्या वर हवी.

आणि यादीत पिनऐवजी ऑब्जेक्ट (पिनसोबत इतर माहितीही असलेल्या नोंदी) असतील तर सेटचा उपयोग नाही. आतला मजकूर तोच असला तरी नवा ऑब्जेक्ट वेगळाच धरला जातो. तिथं थोड्या यादीला 'सम' (some, अट पाळणारा एखादा घटक आहे का ते पाहणारं फंक्शन) वापरा, मोठ्या यादीला पिन ही 'की' (key, शोधायची खूण) धरून मॅप (खुणेवरून नोंद देणारा संग्रह) बनवा.

बर्डीचा कोडर
हे पटलं. माझं म्हणणं तरी कायम आहे: लूप नसेल आणि यादी शंभरच्या आत असेल तर इन्क्लूड्सच. वाचणाऱ्याला एका ओळीत कळतं.

धरमपेठकर
लूप नसेल तर ठीक, तेवढं सोडतो. लूप दिसला की मात्र सेट, यादी कितीही लहान असो.