मदत हवी आहे: बहिणीला एमएस आहे, उपचारांमागचा पुरावा कसा तोलायचा?

नमस्कार. मी फोंड्याजवळच्या एका गावात राहते, हायस्कुलात गणित शिकवते. इथे औषधांच्या चाचण्या वाचता येणारी माणसं आहेत आणि एमएस असलेलीही आहेत, म्हणून जरा लांबण लावते. पुढच्या गुरुवारी डॉक्टरांना काय ते सांगायचं आहे.

गेल्या वर्षी चवथीच्या दिवसांत धाकट्या बहिणीच्या उजव्या डोळ्यापुढे धूसर यायला लागलं. डोळा फिरवला की दुखायचा. गणपतीच्या माटोळीला बांधलेले सुपारीचे केशरी घोस तिला त्या डोळ्याने मळकट दिसत होते. चष्म्याचा नंबर बदलून झाला, उपयोग नाही. आईने गावातल्या एका वैद्यांकडून झाडपाल्याचं वखद आणलं आणि सहा आठवड्यांत डोळा निवळला. आम्ही विसरूनही गेलो. मग या मे महिन्यात दोन्ही पाय बधिर झाले, कमरेभोवती कोणीतरी पट्टा आवळतंय असं तिला वाटायचं. मेंदू आणि मणक्याचा एमआरआय, पाठीतल्या पाण्याची तपासणी, शिवाय एनएमओ हा एमएससारखाच दिसणारा पण वेगळी औषधं लागणारा आजार नाही ना, यासाठी अ‍ॅक्वापोरिन अँटिबॉडीची तपासणी झाली. निदान: रिलॅप्सिंग-रिमिटिंग मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे अटॅक येत-ओसरत राहणारा एमएस. यात शरीराची रोगप्रतिकारशक्ती आपल्याच मेंदू-मणक्यातल्या नसांवर हल्ला करते. पाच दिवस मिथाइलप्रेडनिसोलोन या स्टिरॉइडचं सलाइन दिलं, पाय बरेचसे सुधारले. ती सव्वीस वर्षांची आहे आणि लग्न ठरायच्या बेतात आहे.

डॉक्टरांनी पुढच्या उपचारासाठी दोन पर्याय सांगितले आहेत, फिंगोलिमॉडची रोजची गोळी किंवा रिटुक्सिमॅबचं सलाइन. ऑक्रेलिझुमॅबही आहे म्हणाले, पण त्याचा खर्च आम्हाला झेपणारा नाही. काकांचं मत पडतं की ड जीवनसत्त्वाचे भरपूर डोस द्यावेत. मावसभाऊ एका मोठ्या शहरातल्या क्लिनिकचा व्हिडिओ घेऊन आलाय, त्यात स्टेम सेलचं इंजेक्शन घेतलेली बाई काठी टाकून चालते. आणि आईचं म्हणणं, वखदाने डोळा बरा झाला हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, मग पाय का होणार नाहीत?

मी सुरुवात आईच्या प्रश्नापासून केली, कारण तोच मला सगळ्यात अवघड वाटला. ती खोटं बोलत नाही. वखद दिलं, डोळा सुधारला, दोन्ही गोष्टी खऱ्या. पण या प्रकारच्या एमएसमध्ये अटॅक येतो आणि बहुतेक वेळा आपोआप ओसरतो. माणूस उपाय शोधतो तो त्रास कळसाला पोचल्यावर, त्यामुळे त्या आठवड्यात जे काही दिलं असेल त्यालाच पुढच्या सुधारणेचं श्रेय मिळतं. एकट्या रुग्णाकडे बघून औषधाने सुधारला की मुदत भरली म्हणून, हे सांगताच येत नाही. त्यासाठी औषध न घेतलेली तशीच माणसं शेजारी असावी लागतात. अमेरिकेत १९९२ साली प्रसिद्ध झालेली ऑप्टिक न्यूरायटिसची, म्हणजे डोळ्याच्या नसेला येणाऱ्या सुजेची मोठी चाचणी वाचली. शिरेतून स्टिरॉइड दिलेल्यांची नजर लवकर परतली, पण वर्षभराने पाहिलं तर नुसती नकली गोळी घेतलेल्यांची नजरही जवळपास तितकीच सुधारली होती. म्हणजे वखदाला जी फूटपट्टी लावायची तीच सलाइनलाही लावली गेली आहे, आणि सलाइनचं श्रेयही तेवढ्यापुरतं कमीच झालं आहे. आईला हे सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा गप्प बसून ऐकत होती. आता अडतंय ते पुढे.

पहिली अडचण आकड्यांची. फिंगोलिमॉडच्या २०१० च्या फ्रीडम्स चाचणीत वर्षाला सरासरी ०.१८ अटॅक आले. ऑक्रेलिझुमॅबच्या २०१७ च्या ऑपेरा चाचण्यांत ०.१६. म्हणजे शंभर जणांत वर्षाला अठरा अटॅक आणि सोळा अटॅक. मग दोन्ही औषधं जवळपास सारखीच का? तसं असेल तर सगळे ऑक्रेलिझुमॅब जास्त प्रभावी का म्हणतात?

दुसरी, रिटुक्सिमॅब. डॉक्टर म्हणाले एमएससाठी याला अधिकृत मान्यता नाही, तरी आम्ही देतो. हे ऐकून घरात सगळ्यांचे चेहरे उतरले. मान्यता नसणं म्हणजे पुरावा नसणं का?

तिसरी, स्टेम सेल. क्लिनिकवाले २०१९ च्या मिस्ट चाचणीचा दाखला देतात. मी ती शोधून काढली. ११० रुग्ण, स्टेम सेल गटातल्या ३ जणांचा आजार वाढला, औषधांच्या गटात ३४ जणांचा. हे आकडे पाहून मीच हलले. मावसभावाला नाही म्हणायला माझ्याकडे काही उरलं नाही.

ड जीवनसत्त्वाचं तर एक चाचणी हो म्हणते, एक नाही म्हणते. मी रोज टक्केवारी शिकवते, तरी इथे अडखळलेय. सांगाल का?

प्रतिसाद १ (पुण्याहून, औषधचाचण्यांच्या आकडेवारीचं काम करतो)

ताई, तुम्ही आईंना जे सांगितलंत तीच सगळ्याची किल्ली आहे, तीच पुढे फिरवा.

०.१८ आणि ०.१६ शेजारी ठेवू नका. फ्रीडम्समध्ये समोर नकली गोळी होती आणि त्या गटात ०.४० अटॅक आले. ऑपेरात समोर इंटरफेरॉन हे खरं औषध होतं, तिथे ०.२९. दोन चाचण्यांतली माणसं वेगळी, काळ वेगळा, आजाराचा जोर वेगळा. आकडा नेहमी त्याच चाचणीतल्या समोरच्या गटाशी ताडायचा. नकली गोळीला हरवणं आणि चालत्या औषधाला जवळपास निम्म्याने हरवणं, या दोन वेगळ्या कसोट्या आहेत.

आणखी एक सवय लावून घ्या. ‘२४ टक्क्यांनी धोका कमी’ असं दिसलं की विचारायचं, कितीवरून कितीवर? सुरुवातीपासूनच हळूहळू वाढत जाणाऱ्या एमएसवर ऑक्रेलिझुमॅबची ओरॅटोरिओ चाचणी झाली. तिथे नकली औषध घेणाऱ्यांपैकी ३९.३ टक्के जणांचं अपंगत्व वाढलं, औषध घेणाऱ्यांपैकी ३२.९ टक्के. किती लवकर वाढलं हेही धरून केलेल्या हिशोबात हेच ते २४ टक्के. फायदा खरा आहे, पण शंभरातल्या सहासात जणांना. बहिणीचा प्रकार वेगळा आहे, तेव्हा हे आकडे तिला लावू नका, नुसती रीत घ्या.

रिटुक्सिमॅबचं उत्तर: नाही, मान्यता आणि पुरावा एक नव्हे. मान्यतेसाठी कंपनीला अर्ज करावा लागतो, आणि स्वस्त झालेल्या जुन्या औषधासाठी त्यात पैसे घालायला कोणी पुढे येत नाही. स्वीडनमध्ये रिफंड-एमएस ही सुमारे २०० रुग्णांची चाचणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली, ती कंपनीच्या जिवावर उभी नव्हती. दोन वर्षांत रिटुक्सिमॅब गटातल्या ३ टक्के जणांना अटॅक आला, डायमिथिल फ्युमरेट या एमएसच्याच दुसऱ्या गोळीवर १६ टक्के जणांना. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एमएससाठी अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते घेतलं. घरच्यांचे उतरलेले चेहरे वर यायला एवढं पुरावं.

स्टेम सेलचं मात्र नीट ऐका. मिस्टमध्ये रुग्णाच्या स्वतःच्या रक्तपेशी बनवणाऱ्या मूलपेशी (स्टेम सेल) काढून ठेवल्या, मग जबर केमोथेरपीने बिघडलेली रोगप्रतिकारशक्ती जवळजवळ पुसून टाकली आणि नंतर त्या पेशी परत दिल्या. खरं काम केमोथेरपीचं. समोरच्या गटाला ऑक्रेलिझुमॅबही मिळालेलं नव्हतं. तुमच्या व्हिडिओतलं क्लिनिक केमो देतं का ते विचारा. मणक्यात इंजेक्शन देऊन घरी पाठवत असतील, तर तो वेगळाच उपचार आहे, फक्त नाव सारखं. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांखेरीज मूलपेशींचा वापर मंजूर चाचणीतच करायचा असतो आणि तिथे रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. त्यांच्याकडे सीटीआरआयचा, म्हणजे चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला नोंदणी क्रमांक मागा. लाखांचं कोटेशन आणि क्रमांक नाही, म्हणजे विषय संपला.

प्रतिसाद २ (म्हापसा, चौदा वर्षं एमएस)

तुझ्या मावसभावावर रागावू नकोस. मी स्वतः त्या वाटेने गेलोय. २००९ मध्ये इटलीतल्या डॉ. पाओलो झाम्बोनी यांनी मानेतल्या अरुंद शिरांमुळे एमएस होतो असं मांडलं. जगभरातले रुग्ण शिरा रुंद करून घेत होते, बाहेरचे लोक त्यासाठी भारतातही यायचे. माझी तयारी झाली होती, पैशांअभावी राहिलं. पुढे झाम्बोनींनीच दोन गट करून चाचणी केली आणि फायदा नाही हे स्वतःच प्रसिद्ध केलं. त्या माणसाबद्दल मला आजही आदर वाटतो.

बायोटिन हे ब गटातलं जीवनसत्त्व मात्र मी घेतलं. २०१६ च्या चाचणीत १५४ रुग्ण होते, गोळी घेणाऱ्यांतले १२.६ टक्के सुधारले, नकली गोळीवर एकही नाही. रोज ३०० मिलिग्रॅम सुरू केलं. माझा थायरॉइडचा रिपोर्ट भलताच आला, थायरॉइड वाढल्याचा. खरं तर इतक्या बायोटिनने तपासणीच चुकते. २०२० मध्ये ६४२ रुग्णांची मोठी चाचणी आली, १२ टक्के विरुद्ध ९ टक्के, म्हणजे काही नाही. त्या दिवशी फार वाईट वाटलं. तेव्हापासून पहिल्या छोट्या चाचणीवर मी उडी मारत नाही, दुसरी येईपर्यंत थांबतो.

आणि एक गोव्याचं. इथल्या मे महिन्याच्या दमटीत, किंवा ताप आला की जुनी लक्षणं वर येतात. तो नवा अटॅक नसतो, अंग गार झालं की जातो. तारखा लिहून ठेव, नाहीतर उन्हाळ्यात सुरू केलेलं औषध निकामी आणि पावसाळ्यात सुरू केलेलं गुणकारी वाटेल.

प्रतिसाद ३ (पुण्याचाच पुन्हा)

ड जीवनसत्त्वाचं राहिलं. २०२३ च्या विडाम्स चाचणीत ग्लॅटिरॅमर या एमएसच्या औषधासोबत रोज ५००० युनिट दिली, ६०० युनिटवाल्यांपेक्षा अटॅक कमी झाले नाहीत. २०२५ च्या फ्रान्समधल्या चाचणीत पहिल्या अटॅकनंतर, दुसरं औषध सुरू नसताना, पंधरवड्याला एक लाख युनिट दिली आणि आजाराची हालचाल नकली औषधावर ७४ टक्के जणांत दिसली, यावर ६० टक्के जणांत. पण फरक मुख्यतः एमआरआयवर दिसला, नुसत्या अटॅकांत ठोस नाही. प्रश्न दोन वेगळे होते, म्हणून उत्तरं वेगळी. काकांना सांगा, कमतरता असेल तर भरून काढू, पण औषधाऐवजी नाही. आणि इंटरनेटवरचे रोजचे प्रचंड डोस नकोतच, रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडं बिघडतात.

धागाकर्ती

तुम्हा दोघांचे मनापासून आभार. क्लिनिकला फोन केला. केमो देत नाहीत. नोंदणी क्रमांक विचारल्यावर ‘डॉक्टर फोन करतील’ म्हणाले, चार दिवस झाले, फोन नाही. मावसभावाने स्वतःच व्हिडिओ पुसून टाकला. आईने देवाला कौल लावला, उजवा प्रसाद मिळाला आणि ती म्हणाली, सलाइन घेऊया, वखद मी डॉक्टरांना दाखवून मगच देईन. यकृतावर परिणाम होणारं काही त्यात असू नये, एवढंच माझं मागणं होतं.

बहीण स्वतः रिटुक्सिमॅबकडे झुकतेय, कारण फिंगोलिमॉडवर असताना गरोदर राहायचं नसतं, दोन महिने आधी थांबवावं लागतं आणि थांबवल्यावर आजार उसळू शकतो. गुरुवारसाठी वहीत लिहिलंय: हेपेटायटिस बी आणि टीबीची तपासणी, लशी सलाइनआधी किती दिवस, इम्युनोग्लोब्युलिन (रक्तातली संसर्गाशी लढणारी प्रथिनं) किती महिन्यांनी मोजायची, मूल हवं असेल तेव्हा डोसांचं वेळापत्रक कसं. यात काही राहिलं असेल तर बुधवारच्या रात्रीपर्यंत सांगा, आम्ही सकाळच्या पहिल्या बसने निघतोय.