अनफिट ठरला म्हणजे नोकरी गेली असं नाही

वैद्यकीय तपासणीत अनफिट शेरा आला की ड्रायव्हरने राजीनामा दिलेलाच बरा, असं काही जण म्हणतात, ते अजिबात पटलं नाही. कृपा करून कुणी घाईत सही करू नका! दिव्यांग हक्क कायदा 2016, कलम 20(4) नीट वाचा, सरकारी आस्थापनेत नोकरीत असताना अपंगत्व आलं तर काढता येत नाही की पद कमी करता येत नाही, त्याच पगारावर दुसरं काम द्यायचं, आणि तसं पद रिकामं नसेल तर मिळेपर्यंत किंवा रिटायर होईपर्यंत अधिसंख्य पदावर (म्हणजे मंजूर पदांपेक्षा जादा, त्या माणसासाठी केलेल्या पदावर) ठेवायचं.

माझे बाबा सरकारी बसवर ड्रायव्हर, पॅरालिसिसनंतर डाव्या हाताने गियर पडेना, साहेब म्हणाले व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) घ्या. आम्ही अपंगत्वाचा दाखला जोडून कलमासकट लेखी अर्ज दिला, पोच घेतली, आता चौकशी खिडकीवर बसतात, पगार तोच.