मदत हवी आहे: पोलिश नातीला लाडाने काय म्हणू?

माझी सून पोलंडची. तीन वर्षांची नात व्हिडिओ कॉलवर मला 'बाब्चू!' अशी हाक मारते. आजी म्हणजे 'बाब्चा', पण हाक मारताना 'बाब्चू', असं सुनेने समजावलं. बाबाला ती 'तातुशू' म्हणते. शेवटचा तो लांबवलेला 'ऊ' ऐकला की जीव सुपाएवढा होतो!

नात म्हणजे 'व्नुच्का' आणि लाडाचं रूप 'व्नुशा', आपल्या सोनुली-छकुलीसारखं. पण तिकडच्या आज्या थेट नातीलाच 'व्नुशू' अशी हाक मारतात का? की शेजारणीला तिचं कौतुक सांगतानाच हा शब्द वापरतात? दिवाळीत सगळे घरी येताहेत. दारातच तिला तिच्या भाषेत हाक मारायची आहे. पोलंडमध्ये राहिलेलं कुणी सांगेल का?